त्या फोटोत दगड कोरडा होता



ओळख करून देताना ताईंनी मला छायाचित्रकार म्हटलं. तेवढं खोडतो. मी तोफखान्यातला माणूस. तीस-एक वर्षं नोकरी केली, निवृत्त झालो, आणि मुलगी इथे असते म्हणून आम्ही दोघं बेंगळुरूला एचएसआर लेआउटमध्ये येऊन राहिलो. डोंगर चढायची सवय जुनी. कॅमेरा साठीच्या आसपास हातात आला, आणि फोटो एडिट करायचं खूळ त्याहूनही नवं, लॉकडाउनमधलं. घरात बसून दुसरं करणार काय?

आज दोनच फोटो दाखवणार आहे. एकाचा मला अभिमान आहे. दुसऱ्यामुळे एका पोराचं मनगट मोडलं.

पहिला हा. हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा, सप्टेंबरातली सकाळ. सह्याद्रीत भटकलेल्यांना कोकणकडा सांगायला नको. बाकीच्यांसाठी एवढंच, की चालता चालता पायाखालचा डोंगर संपतो. कडा आत वळलेला, अर्धगोल, आणि खाली एकदम कोकण. आम्ही आदल्या दिवशी पाचनईकडून चढलो होतो, गुडघ्याला पट्टा बांधून, सावकाश. सकाळी दरीतून धुकं वर यायला लागलं, पाठीमागून सूर्य वर आला आणि समोरच्या धुक्यावर माझी सावली पडली. सावलीच्या डोक्याभोवती रंगीत कडं. यालाच आपल्याकडे इंद्रवज्र म्हणतात. गंमत अशी, की शेजारी उभ्या असलेल्या मित्राला ते कडं त्याच्या डोक्याभोवती दिसत होतं आणि मला माझ्या. आम्ही तिथे चक्क वाद घातला. दोघंही खरं बोलत होतो.

ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतले कर्नल साइक्स दख्खनभर हवामानाच्या नोंदी करत हिंडायचे. त्यांनी हे गोल इंद्रधनुष्य पाहिलं आणि १८३५ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने छापलेल्या लेखात लिहून ठेवलं. कॅमेरा नव्हता, शब्दांत जेवढं मावलं तेवढं. माझ्याकडे कॅमेरा होता, पण घरी येऊन फाइल उघडली तर काय? पांढुरकं, राखाडी, पाणी घातलेल्या ताकासारखं. कडं कुठे आहे ते शोधावं लागत होतं.

इथे थोडं तांत्रिक सांगतो, कंटाळू नका. आपण रॉ फाइल म्हणतो तो तयार फोटो नसतोच. सेन्सरवर किती प्रकाश पडला त्याचे ते नुसते आकडे. मोबाइल त्या आकड्यांचं जेवण स्वतःच शिजवून तुमच्या ताटात वाढतो, रॉमध्ये शिजवायचं काम तुमच्याकडे. त्यात आपला डोळा उजेड आणि सावली दोन्ही सांभाळून घेतो, सेन्सरला तेवढं जमत नाही. मी लाइटरूममध्ये काळ्याची पातळी खाली आणली, कॉन्ट्रास्ट थोडा चढवला आणि डीहेझची पट्टी सरकवली, म्हणजे धुरकटपणा कमी करणारी. कडं वर आलं. मित्राला पाठवला, तो म्हणाला, "हेच पाहिलं आपण." मी कढईत नवं काही टाकलं नव्हतं, फक्त आच वाढवली होती.

मग माझी भीड चेपली.

आता दुसरा. सावनदुर्ग. एचएसआरहून निघायचं तर पहाटे चारला निघायचं, नाहीतर सिल्क बोर्डच्या चौकातच सूर्योदय बघावा लागतो. नाइस रोडने वळसा घालून मागडीच्या बाजूला पोचायचं. समुद्रसपाटीपासून १,२२६ मीटर, अख्खा ग्रॅनाइटचा डोंगर. दोन शिखरं आहेत, करिगुड्ड आणि बिळिगुड्ड, म्हणजे काळी टेकडी आणि पांढरी टेकडी. लोक चढतात ती काळी. पायवाट अशी नाहीच, उघड्या दगडावरून चढायचं, रंगवलेले बाण बघत. डिसेंबर १७९१ मध्ये कॉर्नवॉलिसच्या फौजेने हा किल्ला टिपूकडून घेतला. त्या मोहिमेत हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन इंग्रजांच्या बाजूने उतरले होते, त्यामुळे आपल्या इतिहासालाही हा मुलूख अगदी परका नाही.

या दगडावर वरपासून खालपर्यंत काळे पट्टे दिसतात. पावसाचं पाणी जिथून वाहतं तिथे शेवाळ धरतं, ते वाळून काळं पडतं. वाळलेलं असताना त्यावर बूट बरा पकडतो. ओलं झालं की साबण. नेहमी चढणारा माणूस पट्टा चमकतोय का ते आधी बघतो.

मी गेलो तेव्हा रात्री पाऊस होऊन गेला होता. अर्ध्यातच थांबलो, एका कोरड्या जागी बसून १६ मिलिमीटरच्या लेन्सने फोटो काढला आणि उतरलो. म्हणजे बघा, स्वतः वर गेलो नाही. दगड ओला आहे एवढी अक्कल होती.

घरी आल्यावर ती अक्कल कुठे गेली कोण जाणे. पट्ट्यांवरची ओली चमक डोळ्यांना टोचत होती, म्हणून हायलाइट्स खाली ओढले. काळे पट्टे फार काळे वाटले, म्हणून सावल्या उजळल्या. सगळ्याला उन्हाचा पिवळसर रंग दिला. हीलिंग ब्रशने रंगवलेले बाण पुसले, कारण ते 'घाण' दिसत होते. वर दोन माणसं चार पायांवर रांगत चढत होती, तीही पुसली. आणि इतक्या रुंद लेन्सने समोरचा चढ तसाही लांब आणि सौम्य दिसतो, तो दोष मी दुरुस्त केला नाही, कारण छान दिसत होता. आमच्या हिने मागून बघून विचारलं, "हे कुठलं हो? आपण गेलो होतो ते असं नव्हतं." मी म्हटलं, "कला आहे ती."

स्वातंत्र्यदिनाला आमच्या सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये हौशी लोकांचं प्रदर्शन होतं. मी हा फोटो मोठा छापून लावला. खाली चिठ्ठी: 'सावनदुर्ग, सकाळ'. खूप वाहवा झाली.

आमच्या खालच्या मजल्यावर तीन मुलं राहतात, कंपनीत नोकरीला. त्यातला एक कोल्हापूरचा, मला काका म्हणतो, दिवाळीला त्याच्या घरचा चिवडा आम्हाला येतो. त्याने फोटो बघितला, नाव वाचलं, आणि पुढच्या एका रविवारी मित्रांना घेऊन गेला. रात्री पाऊस झालेलाच होता. अर्ध्यावर काळा पट्टा आडवा आला. त्याला वाटलं, सावली आहे. माझ्या फोटोत ती सावलीच होती ना! पाय टाकला आणि वीस-पंचवीस फूट घसरत गेला. खाली एक खळगा होता, त्यात अडकला म्हणून वाचला. मनगट मोडलं, घोटा मुरगळला, कोपर सोलून निघालं. मित्रांनी आणि तिथल्या गावकऱ्यांनी मिळून त्याला खाली आणलं.

संध्याकाळी त्याच्या आईचा कोल्हापूरहून फोन आला. मला वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "साहेब, तुम्ही जवळ आहात म्हणून काळजी नाही. पोरगं म्हणत होतं, काकांच्या फोटोत वाट सोपी दिसत होती." बस, एवढंच. तोफखान्यात वरिष्ठांच्या शिव्या खूप खाल्ल्यात, पण त्या रात्री मला झोप आली नाही.

उठून लॅपटॉप उघडला. मूळ फाइल डावीकडे, छापलेला फोटो उजवीकडे, जसे आत्ता तुमच्यासमोर आहेत तसे. कागद घेतला आणि काय काय बदललं ते लिहीत गेलो. अकरा बदल निघाले. त्यातले सहा नुसते रंगारूपाचे. पाच असे, की चढणाऱ्या माणसाचा पाय ज्यावर ठरतो ती खूणच मी काढून टाकली होती.

तेव्हा मला देवळाली आठवली. नाशिकजवळ आमचं तोफखान्याचं शाळागाव. तिथे आम्हा तरुण अधिकाऱ्यांना निरीक्षण चौकीवर बसवून समोरच्या मुलखाचं पेन्सिलने चित्र काढायला लावायचे, पॅनोरमा स्केच. त्यात एक गोष्ट मुद्दाम खोटी काढायची असते: उंची. डोंगर आहे तसा काढला तर कागदावर चपटा दिसतो, खुणा ओळखू येत नाहीत. म्हणून उभं माप आडव्याच्या दुप्पट घेतात. पण ते कागदावर लिहायचं. शिवाय कुठून पाहिलं, कोणत्या दिशेला, तारीख, वेळ, हवा कशी होती, किती लांबचं दिसत होतं, सगळं लिहायचं. मी एकदा एक ओढा गाळला, रेषा गर्दी करत होत्या म्हणून. उस्तादांनी कागद परत दिला आणि विचारलं, "साहेब, ओढा तुम्ही बुजवला, की फौजेचे इंजिनिअर येऊन बुजवून गेले?" सगळा वर्ग हसला. तो ओढा मी चाळीस वर्षांनी पुन्हा बुजवला होता.

आता कोणी म्हणेल, मग एडिटिंग सोडा. नाही सोडलं. अमेरिकेतले अॅन्सल अॅडम्स, डोंगरांच्या फोटोंचे आमचे गुरू म्हणा. त्यांचा १९४१ चा चंद्रोदयाचा फोटो प्रसिद्ध आहे, हर्नांडेझ गावाचा. पुढच्या वर्षांत ते त्याच निगेटिव्हच्या प्रती काढताना आकाश अधिकाधिक काळं करत गेले. कोणाचं काही बिघडलं नाही. उलट १९८२ साली 'नॅशनल जिऑग्राफिक'ने मुखपृष्ठावर उभा फोटो बसावा म्हणून गिझाचे पिरॅमिड संगणकावर जवळ सरकवले, तेव्हा केवढा गहजब झाला. आणि सिनेमावाले तर आख्खी टेकडीच बदलतात. 'अ पॅसेज टू इंडिया'साठी डेव्हिड लीनना बिहारमधल्या खऱ्या बराबर टेकड्या पडद्यावर सपाट वाटल्या, म्हणून त्यांनी शूटिंग केलं कुठे? याच आमच्या सावनदुर्गाला. पण तो सिनेमा बघून कोणी बिहारच्या टेकडीवर पाय ठेवत नाही. माझ्या फोटोखाली मात्र मी नाव लिहिलं होतं आणि क्लबहाउसमधल्या प्रत्येकाला तिथे जायला दीड-दोन तास पुरतात.

म्हणून मी आता असं करतो. आकाश गडद करीन, रंग उबदार करीन, ढग खुलवीन. पण ओलं ते ओलं ठेवतो, चढ तेवढा चढ ठेवतो, बाण, तारा, कठडे, माणसं पुसत नाही. आणि एखाद्या फोटोशी खेळायचंच असलं, जांभळं आकाश आणि हिरवा चंद्र करायचा असला, तर मनसोक्त करतो, फक्त खाली जागेचं नाव घालत नाही. बाकीच्यांखाली देवळालीसारखी चिठ्ठी असते: जागा, दिशा, वेळ, हवा, लेन्स, काय बदललं. सोसायटीचे सेक्रेटरी म्हणतात, "कर्नलसाहेब, फोटोपेक्षा चिठ्ठी मोठी झाली." होऊ दे.

सावनदुर्गाचा तो फोटो क्लबहाउसमधून काढला. तिथे आता मूळ फाइलवरून नव्याने केलेला लावलाय, चमकत्या पट्ट्यांसकट, रांगणाऱ्या माणसांसकट. कमी सुंदर आहे, कबूल. पण लोक त्यासमोर जास्त वेळ थांबतात, ती दोन माणसं शोधत.

जानेवारीत, दगड खडखडीत कोरडा असताना, आम्ही दोघं पुन्हा गेलो. प्लॅस्टर निघालं होतं, मनगट अजून जरा कडक होतं. त्या पट्ट्यापाशी तो थांबला, वाकून हात लावला, आणि म्हणाला, "काका, इथून." मग आम्ही वरच्या नंदीपर्यंत गेलो, डबा खाल्ला, आणि उतरताना त्याने मला दोनदा हात दिला, मी त्याला एकदाही नाही. पट्ट्यावर हात ठेवून वाकलेला त्याचा फोटो मी काढलाय. अजून कार्डावरच आहे.

चला, प्रश्न विचारा. एडिटिंगचे विचारा, गुडघ्यांचेही चालतील.