थंडीतील शागोती



गोव्यात थंडी ती कसली, असे घाटावरचे पाहुणे हसून विचारतात. पुण्या-नाशकाच्या मानाने ती नाममात्रच, हे मान्य केले पाहिजे. तथापि पौषातील पहाटे डिचोली तालुक्यात मये-नार्व्याच्या बागायतीत धुके उतरते. आणि पेडण्याच्या एखाद्या जत्रेत रात्रभर दशावतार पाहिलेला मनुष्य कांबळे पांघरून घरी परततो, तेव्हा चुलीवरल्या शागोतीचा वास त्याला अंगणातच गाठतो. आज तिच्याविषयीच दोन शब्द बोलावयाचे आहेत.

तेरेखोल नदीपलीकडे सावंतवाडीस हीच सागोती. पोर्तुगीज लिपीत 'श'साठी 'क्ष'सारखे दिसणारे अक्षर आले म्हणून परदेशी पाहुणा 'झाकुटी' म्हणतो, इतकेच. हे साम्य आकस्मिक नव्हे. डिचोली 1781-82 च्या सुमारास आणि पेडणे 1788 मध्ये पोर्तुगीजांकडे गेले; त्यापूर्वी हा मुलूख सावंतवाडीकर भोसल्यांचा. चुलीने ती जुनी सोयरीक सोडली नाही. मिरची मात्र अमेरिकेची. पोर्तुगीजांच्या गलबतांतून ती सोळाव्या शतकात या किनाऱ्यास लागली. तोवर तिखटाचा भार मिरीवर होता.

आता कृती. किलोभर गावठी कोंबडीस हळद, मीठ व आले-लसणाचे वाटण लावून ठेवावे. एक मोठा नारळ खवून मंद आचेवर बदामी होईपर्यंत भाजावा. येथे घाई केलीत तर पुढचे सर्व श्रम व्यर्थ! कच्चे खोबरे गोडसर लागते, करपलेले कडू. मग दहा-बारा सुक्या मिरच्या, दोन चमचे धणे, चमचाभर खसखस, अर्धा चमचा बडीशेप, आठ-दहा मिरी, पाच-सहा लवंगा, बोटाच्या पेराएवढी दालचिनी व एक बादियान ही निरनिराळी भाजावी, कारण खसखस क्षणात जळते आणि धण्यांना वेळ लागतो. दोन कांदे उभे चिरून तांबूस परतावे. सर्व जिन्नस थोडथोडे पाणी घालीत गंधासारखे वाटावे. विजेचे यंत्र चालेल, पण रगड्यावरचे वाटण अधिक मिळून येते, असे माझे मत आहे. कोंबडी परतून गरम पाण्यात शिजत आली की वाटण घालावे, चिंचेचा कोळ घालावा, तेल वर येईतो मंद उकळू द्यावे, आणि उतरताना जायफळ किसावे. डिचोलीच्या कुंभाराचे मडके घरात असेल तर त्यातच करावे; माती ऊब धरून ठेवते.

ख्रिस्ती घरांतून हीच शागोती गोमांसाची करतात. ते मांस दोन तासांहून अधिक शिजावे लागते. अमेरिकेतील टेक्सस संस्थानात गोमांस, सुक्या मिरच्या व जिरे यांचा असाच दाट रस्सा रांधतात, आणि 1977 मध्ये तो तेथील अधिकृत पदार्थ ठरला. मिरची तीच, आमच्याकडे तिला नारळ भेटला, एवढाच भेद!

परंतु मिरची कोणती, हा प्रश्न आज अवघड झाला आहे. पेडण्यातील हरमलची मिरची तिच्या लाल रंगासाठी नावाजलेली. तिला 2021 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. भाताचे पीक निघाल्यावर त्याच शेतात ती लावावयाची, उन्हाळ्यात वाळवावयाची आणि पावसापूर्वीच्या पुरुमेंतात घरोघरी भरावयाची, असा क्रम. मानांकनाने नाव राखले जाते; शेत राखावयास माणूस लागतो. किनाऱ्यालगतच्या जमिनीला हॉटेलवाला जो भाव देतो, तो मिरची कधीच देणार नाही. मोपाच्या पठारावर 2023 च्या जानेवारीपासून विमाने उतरू लागली, तेव्हापासून तर पेडण्यात जमिनीच्याच गोष्टी ऐकू येतात. शेत विकणाऱ्यास दोष देण्यास माझी जीभ रेटत नाही. मुलांच्या शाळेची फी शागोतीने भागत नाही.

म्हणून एवढेच सुचवितो की, पुढल्या उन्हाळ्यात पुरुमेंत भरताना बाजारात बसलेल्या पेडण्याच्या बाईला मिरची कुठल्या शेतातली, हे विचारावे, आणि हरमलची निघाली तर भावासाठी घासाघीस करू नये. शागोती मात्र रात्री करून ठेवावी. दुसऱ्या दिवशी सकाळी, मुरलेली, गरम वड्यांबरोबर ती अधिक रुचकर लागते.