कोरुन्याची फेरी

हातातलं काम चालू राहू द्या, कान तेवढे इकडे द्या. आज आपल्याला लांब जायचंय, थेट स्पेन देशात. त्या देशाच्या वायव्य टोकाला, तिन्ही बाजूंनी समुद्राने वेढलेलं एक जुनं शहर आहे, आ कोरुन्या. आम्ही काही तिथे जाऊन आलेलो नाही. पण शहराची माहिती गोळा करताना आम्ही पुन्हा पुन्हा थबकलो. लोक तिथे जे जे बघायला जातात, त्याच्यामागे कुठे ना कुठे एखादी बाई उभी दिसते. म्हणून म्हटलं, ही फेरी तुमच्याबरोबरच करावी.

आधी मनोरा बघू. त्याला हर्क्युलसचा मनोरा म्हणतात. रोमन लोकांनी तो सुमारे १९०० वर्षांपूर्वी जहाजांना वाट दाखवायला बांधला. उंची ५५ मीटर, वर जायला दोनशेहून जास्त पायऱ्या. बाहेरचा दगडी पेहराव अठराव्या शतकात नवा चढवला, आतलं बांधकाम मात्र रोमन आहे. आजही रात्री तिथला दिवा लागतो. २००९ साली त्याला जागतिक वारसा म्हणून मान मिळाला. जुनी कथा अशी की, हर्क्युलसने एका राक्षसाला मारून त्याचं डोकं इथे पुरलं आणि वर मनोरा उभारला. मग गाव वसलं. तिथे पहिली राहायला आली ती क्रुन्या नावाची बाई, तिच्यावरूनच गावाला नाव पडलं. कथा खरी की खोटी ते सोडा, पण पहिलं घर बाईचं, हे आम्हाला आवडलं.

बंदरावर आलं की घरांच्या रांगा दिसतात. प्रत्येक मजल्यावर पांढऱ्या लाकडी चौकटींच्या, काचांनी बंद केलेल्या गॅलऱ्या. इथे वारा आणि पाऊस फार. काचेमुळे ऊन आत येतं, वारा बाहेर राहतो. उन्हात सगळी रांग चमकते, म्हणून याला काचेचं शहर म्हणतात.

तिथून जवळच मोठा चौक आहे. त्याचं नाव मारिया पिता, आणि मधोमध पुतळाही तिचाच. हातात भाला, समोर सतत तेवणारी ज्योत. ही कुणी राणी नव्हती, एका खाटकाची बायको होती. १५८९ साली इंग्रजांचं मोठं आरमार शहरावर चालून आलं. तटाला भगदाड पडलं. लढाईत नवरा गेला. तेव्हा ती पुढे झाली, शत्रूच्या निशाणवाल्याला तिने पाडलं आणि लोकांना घेऊन लढली, असं सांगतात. शहर वाचलं. पुढे राजाने तिला पेन्शन दिली. ती चारदा लग्न करून चारदा विधवा झाली आणि हक्कासाठी कोर्टकचेऱ्या करत राहिली. त्या दिवशी तटावर दगड वाहणाऱ्या बायका आणखीही होत्या. पुतळा एकीचा झाला.

शहरात तंबाखूचा जुना कारखाना आहे. १८०४ साली सुरू झाला. पुढे हजारो बायका तिथे बसून सिगार वळायच्या. याच शहरात जन्मलेल्या लेखिका एमिलिया पार्दो बासान तिथे जाऊन बसल्या, बायकांचं बोलणं ऐकलं आणि एका कामगार मुलीवर कादंबरी लिहिली. ती १८८३ साली आली. देशाच्या भाषा अकादमीने मात्र या बाईंना बाई म्हणूनच दारात अडवलं. आज त्यांचं घर संग्रहालय झालंय.

आता परत बंदरावर येऊ. ३० नोव्हेंबर १८०३ रोजी इथून एक जहाज निघालं. जहाजाचं नावही मारिया पिता! त्यात डॉक्टर होते आणि २२ लहान अनाथ मुलगे होते. अमेरिका खंडात देवीच्या रोगाने माणसं मरत होती. लस होती, पण ती न्यायची कशी? बर्फाची पेटी नव्हती, फ्रिज नव्हता. मग दोन मुलांना लस टोचायची. आठ-दहा दिवसांनी फोड भरला की त्यातलं पाणी पुढच्या दोघांना टोचायचं. अशी एकाच्या दंडावरून दुसऱ्याच्या दंडावर लस समुद्रापार गेली. त्या लेकरांना कुणी विचारलं नसेल. आईबाप नव्हते, म्हणूनच ती नेता आली.

त्यांना सांभाळायला अनाथाश्रमाची प्रमुख इसाबेल सेंदाल गेली. एकटी आई. स्वतःचा मुलगाही त्या बावीस जणांत. मुलांनी फोड खाजवू नये, आजारी पडू नये, रडली तर जवळ घ्यावं, हे सगळं तिच्याकडे. ती मेक्सिकोला गेली, तिथून फिलिपिन्सला गेली, आणि गावी परत कधी आलीच नाही. कागदोपत्री तिचं आडनाव दरवेळी वेगळंच लिहिलं गेलं. खरं नाव हाती लागायला फार काळ गेला. २०२० साली माद्रिदच्या एका मोठ्या इस्पितळाला तिचं नाव दिलं.

ही लस आपल्याकडेही अशीच दंडावरून दंडावर आली. बगदाद, बसरा करत ती मुंबईला पोचली आणि १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला टोचली. हिंदुस्थानात ती घेणारी ही पहिली. आपल्यातल्या वयस्कर बायांच्या दंडावर देवी टोचल्याची खूण आहे ना? आज घरी गेलात की बघा. ती खूण केवढ्या लांबून आलीय!

जाता जाता एक काम सांगतो. तुमच्या गावात देवी टोचायला कोण यायचं? पोलिओच्या डोसासाठी दारोदार कोण फिरलं? रात्री-अपरात्री बाळंतपणाला कुणाला बोलवायचे? गटाच्या पुढच्या बैठकीत म्हाताऱ्या बायांना विचारा आणि त्यांची नावं वहीत उतरवा. आडनावासकट, नीट विचारून. पुतळा होईल न होईल, नाव तरी चुकायला नको.