एड कोनची उलटी मोजणी

शिकागोच्या एड कोन या पॉवरलिफ्टरने १९९१ साली डेडलिफ्टमध्ये सुमारे ४०९ किलो वजन जमिनीवरून उचललं. त्याचं स्वतःचं वजन होतं शंभर किलोंच्या आत! ही ताकद थक्क करतेच. पण मला त्याहून जास्त मोह पडतो तो त्याच्या संयमाचा. स्पर्धेत किती उचलायचं हे तो आधी ठरवी आणि तिथून मागे मोजत आठवड्या-आठवड्याचं वजन कागदावर मांडी. सुरुवातीला वजन हलकं, आवर्तनं जास्त; मग वजन थोडंथोडं वाढे, आवर्तनं घटत जात. सरावात उचल फसेल इतकं वजन घेणं तो शक्यतो टाळी. आणि मुख्य उचल झाल्यावर पाठीचे, खांद्यांचे, मांड्यांचे साधे व्यायामही तो तितक्याच मनापासून करी.