जुन्या बंदुकीला वय कसं विचारायचं?



मी टूलरूममधला माणूस. व्हर्नियर आणि मायक्रोमीटर यांच्यावरच आयुष्यभर पोट भरलं. त्यातली बरीच वर्षं अमेरिकेत, कनेक्टिकट राज्यात गेली. विंचेस्टर बंदुकांचा कारखाना याच राज्यात, न्यू हेवन शहरात होता. त्यामुळे तिकडच्या जुन्या घरात, माळ्यावर किंवा कपाटामागे एखादी विंचेस्टर सापडली तर कोणाला नवल वाटत नाही. मला मापं घ्यायची सवय, म्हणून ओळखीचे लोक अशा बंदुका दाखवायला बोलवायचे.

एका रविवारी शेजारच्या आजींनी बोलावलं. ऐंशीच्या पुढच्या, यजमान नुकतेच गेलेले. स्वयंपाकघरातल्या टेबलावर ब्लँकेटमध्ये गुंडाळलेली एक पंप शॉटगन होती. पंप म्हणजे नळीखालची लाकडी मूठ मागेपुढे ओढली की रिकामं काडतूस बाहेर पडतं आणि नवं आत जातं. आजी म्हणाल्या, "माझ्या सासऱ्यांची. पहिल्या महायुद्धात खंदकात वापरलेली. मुलगा विकू म्हणतोय, छपराचं काम काढायचंय. खरी आहे ना, तेवढं बघून सांग."

ती होती विंचेस्टर मॉडेल १८९७. जॉन ब्राउनिंग यांनी रचलेली, घोडा बाहेर दिसणारी. १८९७ पासून १९५७ पर्यंत ती बनत राहिली आणि दहा लाखांहून जास्त बनल्या. त्यातल्या बहुतेक बदकं मारायला आणि शेतावर ठेवायला गेल्या. थोड्या खंदकासाठी बनल्या. त्यांची नळी आखूड, २० इंचांची, वर हात भाजू नये म्हणून भोकांची पत्र्याची ढाल आणि पुढे संगीन अडकवायची सोय. जर्मनीने सप्टेंबर १९१८ मध्ये या शॉटगनविरुद्ध अधिकृत निषेध नोंदवला होता. आज संग्राहक खऱ्या खंदक-बंदुकीला साध्या बंदुकीच्या कित्येक पट पैसे देतात. आणि जिथे कित्येक पट पैसे, तिथे नकली माल आलाच.

तर बघायचं कसं? पहिलं काम, बंदूक रिकामी आहे का ते पाहणं. कुणी कितीही सांगो, "वीस वर्षं हात लावला नाही." आपण उघडायची, चेंबरमध्ये डोळ्यांनी पाहायचं, बोट घालायचं, खालची मॅगझिन नळीही तपासायची. मग नळीची लांबी मोजायची. अमेरिकेत १८ इंचांपेक्षा आखूड नळीची शॉटगन नोंदणीशिवाय ठेवणं हा मोठा गुन्हा आहे. आजींची नळी २० इंच भरली. माझा जीव भांड्यात पडला.

मग नंबर. तो रिसीव्हरच्या, म्हणजे यंत्र ज्या लोखंडी पेटीत बसतं तिच्या पोटाला, पुढच्या बाजूला असतो. जवळ एखादं इंग्रजी अक्षर असतं, त्याला लोक वर्ष समजतात. ते वर्ष नव्हे. रचनेत बदल झाला की अक्षर बदलायचं. शिवाय नंबरांची मालिका १ पासून सुरू होत नाही, आधीच्या १८९३ च्या मॉडेलचीच ती पुढे चालू आहे. नंबरावरून वर्ष सांगणारे तक्तेही एकाहून अधिक आहेत आणि ते एकमेकांशी जुळत नाहीत. ज्या तक्त्याला कारखान्याच्या पॉलिशिंग खात्याच्या नोंदींचा आधार आहे, त्यातली तारीख रिसीव्हरवर नंबर ठोकल्याची असते. बंदूक पूर्ण होऊन विकली गेली ती नंतर कधीतरी. हा वाद नुसता कागदी नाही. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात १८९८ च्या अखेरपर्यंत बनलेली बंदूक 'अँटिक' धरतात, नंतरची नाही. या मॉडेलची पहिली बंदूक आणि ती रेषा यांत फार अंतर नाही.

आजींच्या बंदुकीचा नंबर १९१८ च्या टप्प्यात बसत होता. मुलगा टाळी वाजवून म्हणाला, "बघा, युद्धाचं वर्ष!" मी म्हटलं, थांबा. नंबर फक्त रिसीव्हरचं वय सांगतो. बाकीच्या भागांना वेगळं विचारावं लागतं.

ही बंदूक मधून फिरवून दोन तुकडे होणारी, टेकडाउन होती. अशा बंदुकीत रिसीव्हरवर आणि नळीकडच्या अर्ध्या भागावर तोच नंबर हवा. होता. १९०५ पासून विंचेस्टर आपल्या चाचणीचा लंबगोल ठसा नळीवर आणि रिसीव्हरवर, दोन्हीकडे मारायची. तोही दोन्हीकडे होता. म्हणजे हे दोन तुकडे सुरुवातीपासूनचे सोबती असावेत. पण इथेच पहिला खडा लागला. पहिल्या महायुद्धाच्या खंदक-बंदुका न सुटणाऱ्या, एकसंध सांगाड्याच्या असायच्या. टेकडाउन प्रकार दिसतो तो दुसऱ्या महायुद्धात.

दुसरा खडा ढालीचा. पहिल्या युद्धातल्या ढालीवर भोकांच्या सहा रांगा असतात. हिच्यावर चार होत्या. चार रांगांची ढाल दुसऱ्या महायुद्धातली. आणि तशा नव्या ढाली आजही सर्रास विकत मिळतात.

तिसरा खडा माझ्या धंद्यातला. शॉटगनची नळी तोंडाशी किंचित अरुंद करतात, त्याला चोक म्हणतात. छर्रे लांबपर्यंत एकत्र राहावेत म्हणून. आजींच्या नळीवर 'फुल' असा ठसा होता, म्हणजे सर्वांत जास्त अरुंद. १२ बोअरची नळी आतून साधारण १८.५ मिलिमीटर असते, फुल चोक असेल तर तोंडाशी सुमारे एक मिलिमीटर कमी भरायला हवी. मी मोजलं. तोंडाशीही १८.५. चोक नळीच्या शेवटच्या काही इंचांतच असतो. तो गेला, म्हणजे नळीचं टोक कापलं होतं. लांब नळीची बदकांची बंदूक कुणीतरी आखूड केली, वर ढाल चढवली आणि गोष्ट जोडली.

सैन्याचा शिक्का नव्हता. पण त्यावरून मी काहीच ठरवलं नाही. शिक्का नंतर ठोकता येतो आणि झिजूनही जातो. एका खुणेवर कधीच निकाल द्यायचा नाही. सगळ्या खुणा एकच गोष्ट सांगतात का, ते पाहायचं.

आता रंग आणि लाकूड. इथे माझीच चूक सांगतो. तिकडे गेल्यावर पहिल्याच वर्षी मी एक जुनी ९७ घेतली. डाग पडलेले, रंग उडालेला. मी ती पॉलिशच्या चाकावर धरली, नवा काळा-निळा रंग चढवला, लाकूड घासून वार्निश केलं आणि मोठ्या अभिमानाने एका म्हाताऱ्या विक्रेत्याला दाखवली. तो म्हणाला, "अर्धी किंमत तू चिंधीने पुसून टाकलीस." तेव्हा राग आला. पण त्याचं बरोबर होतं. पॉलिशने अक्षरांच्या कडा बसतात, कोपरे गोल होतात, स्क्रूच्या भोकांभोवती बशीसारखा खोलगटपणा येतो. कारखान्यात लाकूड लोखंडापेक्षा केसभर उंच ठेवलेलं असतं, घासलं की ते खाली जातं. जुनी खरी बंदूक जिथे हात लागतो तिथे झिजते आणि सांदीकोपऱ्यात रंग टिकून असतो. लाकूड झिजलेलं आणि लोखंड कोरं काळंभोर दिसलं, की संशय घ्यावा.

हे सगळं मी आजींना सांगितलं. मुलाचा चेहरा उतरला. आजी जरा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे ते युद्धावर गेलेच नव्हते?" मी म्हटलं, "ते गेले असतील. ही बंदूक गेली नाही." मग त्यांना आठवलं, सासरे थंडीत पहाटे उठून खाडीवर बदकांना जायचे. त्या म्हणाल्या, "मग हीच ती."

विकताना मी चिठ्ठी लिहून दिली: १९१८ च्या सुमाराची, टेकडाउन, नंबर जुळतात, नळी कापलेली, ढाल नंतरची. पैसे छपराला पुरले नाहीत. पण घेणाऱ्याने नंतर येऊन भांडण केलं नाही, आणि त्या वयात आजींना तेच हवं होतं.

शेवटी इंदूर, बडोदा, ग्वाल्हेर, हैदराबाद, बेळगाव, कुठूनही ऐकत असाल, आणि घरात आजोबांची बंदूक असेल तर तीन गोष्टी. एक, भारतात नुसती जुनी आहे म्हणून परवान्यातून सूट नसते. दुरुस्त करूनही चालणार नाही अशा पुराण्या शस्त्रालाच ती मिळते. वारसाने आलेली बंदूकही परवान्यावर चढवायला हवी. दोन, नंबराला हात लावू नका. नंबर खरवडलेली बंदूक जवळ सापडली, तर तो तुम्हीच खरवडला असं कायदा गृहीत धरतो. तीन, ती उडवून पाहू नका. जुन्या १६ बोअरच्या कित्येक बंदुकांचं चेंबर आजच्या काडतुसापेक्षा आखूड असतं. काडतूस आत बसतं, पण उडताना त्याचं तोंड उघडायला जागा नसते आणि दाब वाढतो. परवानाधारक कारागिराला आधी मोजू द्या.

आणि कृपा करून, पॉलिश करू नका. धूळ पुसा, तेलाचा हलका हात फिरवा आणि ठेवून द्या.