पाळीचे गाव आणि पडद्यावरची घरे



व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून दूरदर्शनच्या मालिकांविषयी बोलावयाचे, हे काही मंडळींना रुचणार नाही. नाटक ही कला, कीर्तन हा संस्कार आणि मालिका म्हणजे वेळेचा अपव्यय, अशी त्यांची वाटणी ठरलेली असते. परंतु जी गोष्ट घरोघर संध्याकाळची घटकाभर तरी जागा व्यापते, तिचा विचार चारचौघांत होऊ नये काय?

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि १९७३ साली पुण्याच्या परिसरात त्याचे कार्यक्रम दिसू लागले. पिंपरीस १९५४ साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स आली. मागोमाग इतर कारखाने आले आणि विदर्भ, खानदेश, मराठवाडा, कोकण अशा चहूकडून माणसे येथे जमली. बोली निराळ्या, सणवार निराळे. त्या काळी संच असे एखाद्याच घरी, आणि प्रेक्षक असत शेजारपाजारचे सारे. चि. वि. जोश्यांचे चिमणराव आणि गुंड्याभाऊ त्या दशकाच्या अखेरीस दिलीप प्रभावळकर व बाळ कर्वे यांच्या रूपाने पडद्यावर अवतरले, तेव्हा चिमणरावांची फजिती पाहून वऱ्हाडी आणि कोकणी शेजारी एकाच वेळी हसू लागले. एकत्र हसलेली माणसे फार काळ परकी राहत नाहीत.

मात्र पाळीचे गाव घड्याळाला बांधलेले असते. दुपारच्या पाळीस गेलेला गडी रात्री उशिरा परते. तोवर मालिका संपलेली असे. १९८७ साली रामानंद सागरांचे ‘रामायण’ रविवारी सकाळी सुरू झाले. पण आपल्या औद्योगिक पट्ट्यातील कित्येक कारखान्यांची सुटी गुरुवारची! सारा देश संचासमोर बसे, तेव्हा येथला कामगार यंत्रापुढे उभा. मग घरची मंडळी जेवण वाढता वाढता त्याला कथाभाग सांगत. सांगणारा थोडे पदरचे घाली, ऐकणारा मध्येच शंका काढी. आमच्या मते त्या मालिकेचा खरा रंग पुष्कळदा या दुसऱ्या प्रयोगातच भरे.

पुढे २००१ साली ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ आली. त्याच प्रभावळकरांना आता आजोबांच्या भूमिकेत पाहिले. तीन पिढ्यांचे कुटुंब, किरकोळ कुरबुरी, आणि कोणाचाही पाणउतारा न करता उमटणारे हसू. चांगल्या विनोदाची कसोटी हीच, की ज्याच्यावर विनोद होतो त्यालाही शेजारी बसून हसता यावे.

आज चाकणच्या कारखान्याकडे निघालेल्या बसमध्ये प्रत्येकाच्या हाती स्वतःचा पडदा आहे. ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’ कोणत्याही पाळीतला माणूस हव्या त्या वेळी पाहू शकतो. हा लाभ लहान नव्हे. घड्याळाने त्याच्यावर केलेला अन्याय यंत्रानेच दूर केला. पण कानांत बोंडे घालून एकट्याने हसणाऱ्याला ‘काय झाले रे?’ असे विचारणारे कोणी उरले नाही, आणि सांगण्याचे कारणही उरले नाही.

म्हणून आमची सूचना साधी आहे. मालिका टाकू नका; तिची गोष्ट एकमेकांना सांगणे टाकू नका. सुटी गुरुवारची असो वा रविवारची, त्या दिवशी एक भाग तरी साऱ्या घराने मिळून पाहावा, आणि जो कामावर असेल त्याच्यासाठी, ताटातील भाकरीबरोबर, त्याचा वाटाही राखून ठेवावा.