पन्हाळा : पाहावा कसा?

(कळंबा येथील वार्षिक ज्ञातिसंमेलनात दिलेले व्याख्यान)



दिवाळीच्या सुट्टीत आपल्या ज्ञातीतील काही कुटुंबे राजस्थानातील जेसलमेर पाहून आली. वाळूच्या टेकड्या, उंटावरची रपेट, पिवळ्या दगडाचा किल्ला आणि पटव्यांच्या हवेल्या यांचे वर्णन त्यांच्या तोंडून ऐकताना आम्हांस मोठा आनंद झाला. मात्र गडीसर तलावाविषयी आम्ही विचारले, तेव्हा "तो वाटेत लागला होता" एवढेच उत्तर मिळाले. वस्तुतः त्या नगराची तहान कित्येक शतके भागविली ती त्या तलावात साठविलेल्या पावसाच्या पाण्याने. पाणी नसते तर किल्ला कोणी वसविला असता आणि हवेल्या कोणी बांधल्या असत्या? तेव्हाच आमच्या मनात आले की, दूरचे राहू द्या. कोल्हापुरापासून अवघ्या २० किलोमीटरांवर असलेला पन्हाळा तरी आपण नीट पाहतो काय? आजच्या व्याख्यानाचा विषय हाच.

पन्हाळा समुद्रसपाटीपासून सुमारे ३,२०० फूट उंचीवर आहे. थंड हवेचे ठिकाण म्हणून तेथे बारमाही वर्दळ असते. आपण रविवारी सकाळी निघतो, तबक उद्यानात हिंडतो, झुणका-भाकर खातो, छायाचित्रे काढतो आणि दिवेलागणीपूर्वी परततो. यात गैर काही नाही. परंतु एवढ्यावर पन्हाळा पाहिला असे म्हणता यावयाचे नाही.

हा गड प्रथम नावारूपास आला तो शिलाहार राजा दुसरा भोज याच्या काळी, बाराव्या शतकाच्या अखेरीस. पुढे तो आदिलशाहीत गेला. अफझलखानाच्या वधानंतर अवघ्या अठरा दिवसांत, २८ नोव्हेंबर १६५९ रोजी, शिवछत्रपतींनी तो घेतला. पुढील वर्षी तो सोडावा लागला. १६७३ मध्ये कोंडाजी फर्जंदाने मूठभर मावळ्यांनिशी तो पुन्हा मिळविला. महाराणी ताराबाईंनी येथून राज्यकारभार पाहिला, आणि १७८२ मध्ये राजधानी कोल्हापुरास येईपर्यंत करवीर राज्याचे हे मुख्य ठाणे होते. १८४४ च्या गडकऱ्यांच्या बंडात इंग्रजांनी तोफा लावून तट फोडला आणि चार दरवाजा जमीनदोस्त केला. कविवर्य मोरोपंतांचा जन्मही १७२९ मध्ये येथलाच.

आता पाहावे काय, ते सांगतो. तीन दरवाज्याचे कोरीव काम सर्वच पाहतात. त्याच्या शेजारी काळ्या दगडाची अंधारबाव आहे, तिच्याकडे मात्र पुष्कळजण ओझरते पाहून पुढे जातात. ही विहीर तीन मजल्यांची आहे. तळाशी पाणी, मधल्या मजल्यावर तटाबाहेर निघण्याची चोरवाट आणि वर पहारेकऱ्यांची जागा. शत्रूने पाण्यात विष कालवू नये म्हणून पाणी असे दडवून ठेवले. तेथून अंबरखान्याकडे जावे. गंगा, जमुना आणि सरस्वती अशी तेथील धान्यकोठारांची नावे. एकट्या गंगा कोठीत २५,००० खंडी धान्य मावत असे, असे सांगतात. कोठारांस नद्यांची नावे का दिली असावीत, हे मुलांस विचारावे. ती बरोबर उत्तर देतील. वेढा पडला की हिरवा गडसुद्धा वाळवंट होतो. खालून दाणा येत नाही. मग असतो तो साठविलेल्या पाण्याचा आणि धान्याचाच आधार. आपण कळंब्याची माणसे तलावाकाठी वाढलेली. शहराची तहान भागविणारे पाणी काय मोलाचे असते, हे आपणांस निराळे सांगावयास नको.

मार्च १६६० मध्ये सिद्दी जौहराने गडास वेढा घातला. तो पावसाळ्यातही उठला नाही. अखेर जुलैच्या १२ तारखेच्या रात्री महाराज राजदिंडीच्या वाटेने निसटले आणि मसाईच्या पठारावरून विशाळगडाकडे निघाले. शत्रूस चकविण्यासाठी दुसऱ्या पालखीत महाराजांच्या वेषात शिवा काशीद बसले. ते पकडले गेले आणि त्यांस प्राण गमवावे लागले. घोडखिंडीत बाजीप्रभू देशपांडे बांदलांच्या मावळ्यांसह उभे ठाकले आणि धारातीर्थी पडले. ती खिंड आज पावनखिंड म्हणून ओळखली जाते.

येथे एक कबुली देणे अवश्य आहे. आम्ही अनेक वर्षे शाळेत हा प्रसंग शिकविला. बाजीप्रभूंच्या पराक्रमावर तास रंगे. शिवा काशीदांस मात्र आमच्याकडून एक-दोन वाक्येच मिळत. एका पावसाळी सहलीत एका मुलाने विचारले, "गुरुजी, पालखी कोणी उचलली होती? त्यांची नावे काय?" आम्ही निरुत्तर झालो. चिखलातून, काळोखातून, धावत्या पावलांनी पालखी वाहणारे ते हात दमले असते तर इतिहास निराळा झाला असता. त्या दिवसापासून हा धडा आम्ही त्या मुलाच्या प्रश्नाने सुरू करीत आलो.

हे ज्ञातीच्या व्यासपीठावरून बोलण्याचे कारण आहे. शिवा काशीद नाभिक, बाजीप्रभू कायस्थ प्रभू, बांदलांचे मावळे आणखी निराळ्या घरांतले. आज प्रत्येक समाज आपापल्या पूर्वजाचा पुतळा शोधतो, त्यास हार घालतो आणि परततो. आपल्या माणसाचा अभिमान असावा. ज्ञातिसंस्था त्यासाठीच आहेत. परंतु त्या रात्री खिंडीत आणि पालखीखाली कोणी कोणास जात विचारली नसेल. गड एकट्या ज्ञातीने राखला नाही, आणि एकट्या ज्ञातीस तो कळणारही नाही. ज्याने अंधारबाव खोदली, ज्याने गंगा कोठी भरली, त्याचे नाव कोणत्याही शिलालेखात नाही. तो आपल्यापैकीच कोणाचा तरी पूर्वज असेल.

जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या १२ दुर्गांचा समावेश जागतिक वारसा यादीत झाला. त्यांत पन्हाळा आहे. आता देशोदेशीचे प्रवासी येतील आणि आपल्या मुलांस वाट विचारतील. त्या वेळी मुलांस केवळ भोजनगृहाचा पत्ता सांगता यावा, की अंधारबावीची गोष्टही सांगता यावी, हे आपल्या हाती आहे.

म्हणून आमची नम्र सूचना अशी : यंदा प्रत्येक कुटुंबाने पन्हाळ्यास जावे. प्रथम अंधारबाव, मग अंबरखाना, मग राजदिंडी पाहावी. बाजीप्रभूंच्या पुतळ्यापुढे नतमस्तक व्हावे आणि शिवा काशीदांच्या स्मारकापाशीही तितकाच वेळ थांबावे. परतताना एकही कागद वा बाटली गडावर टाकू नये. शेजारचे, निराळ्या ज्ञातीचे एखादे कुटुंब सोबत नेल्यास ती सहल अधिक सार्थ होईल.