कापडी पंखांचे विमान
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



ओझरचा विमान कारखाना १९६४ साली सुरू झाला. तेव्हापासून आपणा नाशिककरांना आकाशातला गडगडाट सवयीचा आहे. माझे यजमानही त्याच कारखान्यात होते. पण आज मी लढाऊ विमानांविषयी बोलणार नाही. कापडी पंखांच्या, जुन्या, लहान विमानाविषयी बोलणार आहे. त्याला कारण आमच्या घरचेच आहे. माझ्या धाकट्या दिरांच्या नातीला विमान चालवायला शिकायचे आहे, आणि पुढे असे एखादे जुने विमान स्वतःच्या नावावर घ्यायचे आहे. "सोने घ्यायच्या वयात भंगार घेणार!" असे म्हणून सगळे हसले. मग वडीलधारी म्हणून माझे मत विचारले. माहितीवाचून मत कसे द्यावे? म्हणून मी वाचायला बसले.

अशा विमानाच्या पंखांचा सांगाडा बहुधा लाकडी असतो. त्यावर कापड बसवून विशिष्ट रोगण चढवतात. ते वाळले की कापड ढोलाच्या कातड्यासारखे ताठ होते. ही विद्या ऐकून मला लुगड्याच्या खळीची आठवण झाली. उडण्यापूर्वी रोज सारे विमान हाताने तपासावे लागते. कापड कुठे फाटले आहे काय, तारा सैल आहेत काय, तेल पुरेसे आहे काय, हे पाहायचे. पेट्रोलच्या टाकीच्या तळातून थोडे पेट्रोल काढून बघायचे, कारण पाणी जड असल्याने तळाशी बसते, आणि ते इंजिनात गेले तर इंजीन आकाशात बंद पडू शकते. पुष्कळ जुन्या विमानांत पंखा हाताने फिरवून इंजीन सुरू करतात. त्या वेळी चाकांना अडण्या लावतात, आत एक जाणता माणूस बसतो आणि दोघे एकमेकांना मोठ्याने विचारून मगच हात लावतात. विमानाचा मालक होणे म्हणजे ही रोजची राखण पत्करणे होय.

जुने म्हणजे धोक्याचे, हा आमच्या घरातला पहिला आक्षेप. जे. आर. डी. टाटांनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी 'पस मॉथ' या लहान विमानातून कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईला टपाल आणले, हे आपण जाणता. त्याला पन्नास वर्षे झाली तेव्हा, १९८२ साली, वयाच्या ७८ व्या वर्षी त्यांनी तोच प्रवास पुन्हा एकट्याने केला. या वेळी विमान होते 'लेपर्ड मॉथ'. ही जात १९३३ ते १९३६ या काळात बनली. म्हणजे विमानही पन्नाशीला टेकलेले! दोघेही जुने, पण दोघांची निगा उत्तम. ते विमान जुहूला सुखरूप उतरले.

दुसरा आक्षेप, मुलीच्या जातीला हे झेपेल काय? लाहोरच्या सरला शर्मा, पुढच्या सरला ठकराल, १९३६ साली साडी नेसून 'जिप्सी मॉथ' विमानात एकट्या उडाल्या. वय २१, घरी चार वर्षांची मुलगी. पती वैमानिक होते, आणि सासऱ्यांचेही उत्तेजन होते. माझ्या मते त्यांच्या उड्डाणाची निम्मी तयारी त्या घरातच झाली होती.

पुढची हकीकत मी झाकून ठेवणार नाही. १९३९ साली त्यांचे पती विमान अपघातात गेले. त्यानंतर सरलाबाई व्यावसायिक परवान्यासाठी शिकू लागल्या, तर महायुद्धामुळे नागरी शिक्षणच बंद पडले. तेव्हा त्या लाहोरला परतल्या, चित्रकला शिकल्या, आणि पुढे कापडावरचे नक्षीकाम व दागिने यांच्या व्यवसायात स्वतःच्या पायांवर उभ्या राहिल्या. धोका खरा आहे. हातात दुसरी विद्या असावी, हेही तितकेच खरे आहे.

म्हणून मी घरी माझे मत असे सांगितले. आपल्याकडे खाजगी वैमानिकाच्या परवान्याला वय १७ पूर्ण, दहावी उत्तीर्ण, वैद्यकीय तपासणी आणि किमान ४० तासांचे उड्डाण लागते. पोरीने पदवी पुरी करावी आणि त्याबरोबर हे शिक्षण घ्यावे. तिच्या लग्नासाठी बाजूला ठेवलेल्या पैशांतून त्याचा खर्च व्हावा. विमान मात्र तिने स्वतःच्या कमाईतून घ्यावे, आणि कागदावर नाव तिचे एकटीचे असावे. आमच्या पिढीत घर, जमीन, बँकेतले खाते, सारे यजमानांच्या नावावर असे. राखण तेवढी आमची. राखण करणारीच मालकीण झाली, तर त्यात हसण्यासारखे काय आहे?

दिरांनी अजून होकार दिलेला नाही. जाऊबाई मात्र परवा मला हळूच विचारीत होत्या, "जाऊबाई, त्या विमानात मागे एखादी जागा असते का हो?" मी म्हटले, लेपर्ड मॉथमध्ये मागे दोन असतात.

भगिनींनो, आपल्याही घरी एखादी मुलगी असे काही वेगळे मागत असेल. तिला नाही म्हणण्यापूर्वी ती काय मागते आहे, याची नीट माहिती करून घ्या, एवढीच माझी विनंती आहे.